जरी-तरी आणि ऑल्दो-बट

संपादक साहेब, नमस्कार.

मुलगी आठवीत आहे, परवा तिची इंग्रजीची वही चाळत होते तर एका वाक्यावर लाल फुली, 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वॉक्ड होम'. शेरा एकच, राँग. का राँग ते कुठेच नाही! अहो मराठीत आपण 'जरी दमला होता तरी चालत गेला' असं जोडीनेच बोलतो, मग पोरं ऑल्दोला बट चिकटवणारच ना. इंग्रजीत दोन्हीपैकी एकच पुरतं, एवढं सांगायला किती वेळ लागतो.

तसंच हार्डचं. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली म्हणून हिने 'शी वर्क्ड हार्डली' ठोकून दिलं, आणि अर्थ निघाला की बाईंनी फारसं कामच केलं नाही, आम्ही हसलो, तिला रडू आलं. आणि नो सूनर तर विचारूच नका, 'नो सूनर डिड द थीफ सी द पोलीस दॅन ही रॅन अवे' आमच्या वेळेपासून घोकतोय, पण त्यात सॉचं सी का होतं (भूतकाळ डिडने आधीच उचललेला असतो म्हणून) हे मला स्वतःला पस्तिशीत कळलं. विशेषणं त्यामानाने गरीब, चांगला-चांगली-चांगले ही भानगडच नाही, गुड ते गुडच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं. तुमच्या पुरवणीत असल्या गफलतींसाठी आठवड्याला एक चौकोन द्या की, शब्दकोडं जरा बारीक केलंत तरी चालेल.

एक पालक, सातारा