बाथला जाण्याआधी जिने विचारा

महोदय,

इंग्लंडमधल्या बाथ शहरात आम्ही आठवडाभरासाठी घर भाड्याने घेतलं. फोटोत खिडक्या सुंदर. पण तीन जिने चढायचे आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ह्यांचे गुडघे सुजले. शहर टेकड्यांच्या उतारावर, दगडी घरं बरीचशी अठराव्या शतकातली, लिफ्ट क्वचितच. जाणाऱ्या नाशिककरांनी पैसे भरण्याआधी मजला आणि स्टेशनपासूनचा चढ नक्की विचारावा. आणखी एक, रोमन स्नानगृहातल्या झऱ्याचं पाणी सुमारे ४६ अंश गरम, पण कुंडात उतरू देत नाहीत. डुंबायचं तर जवळच २००६ साली उघडलेलं थर्मी बाथ स्पा आहे. रामकुंडावर वाढलेल्या मला काठावरूनच परतताना फार चुटपुट लागली.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक