बाळू, कापणीची वाट बघू नकोस

लंडन, रविवार

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडायला लागतोस आणि मग मलाही बोलवत नाही, म्हणून लिहिते.

पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली छोटा उंचवटा दिसतो, एवढंच. डावा हात सध्या वर न्यायचा नाही, वेणी सूनबाई घालते.

माझ्या नळ्या तुंबलेल्या नाहीत रे. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदाच जाड झालाय, 19 मिलिमीटर, त्यानं रक्ताची बाहेर पडायची वाट अडते. गोळ्यांनी भागेना, छाती उघडणं मला झेपणार नव्हतं. यंत्राच्या दोन तारा हृदयात सोडल्यात. ठोका खालच्या टोकाकडून सुरू झाला की पडदा उशिरा आवळतो, वाट थोडी मोकळी राहते.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. 1990 नंतर या उपायावर फार आशा होती. मग कुणाचं यंत्र चालू, कुणाचं बंद हे पेशंटला न कळू देता तपासलं, तर बंद असणाऱ्यांनाही बरं वाटत होतं! म्हणून हा आता पहिला उपाय नाही. पासष्टीपुढच्या काहींना गुण येतो. मी जिन्यात दोनदा थांबायची, आता एकदा. पण पडद्याची जाडी यानं उतरत नाही, आणि हृदय अचानक फडफडून थांबलं तर हे वाचवत नाही. त्याला शॉक देणारं यंत्र वेगळं.

आता आप्पा आठव. भाताची मळणी, खळ्यावर पाणी मागितलं, तांब्या येईस्तोवर गेले. चव्वेचाळीस वर्षांचे. आई जन्मभर देवाचं काय चुकलं तेच शोधत राहिली. तपासणी झालीच नव्हती, पण मला वाटतं, त्यांनाही हेच होतं. हा आजार आईबापाकडून येतो, प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. मग तुलाही असू शकतो, आणि तुला असला तर तुझ्या पोरांनाही.

नंदगडहून बेळगावला जा, ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. सुई नाही, दुखत नाही. डॉक्टरांना आप्पांचं आणि माझं दोन्ही सांग. पोरांनाही ने. त्यांचा इको आज चांगला आला तरी वाढत्या वयात पुन्हा पुन्हा करावा लागतो. आणि सागरला इको होईपर्यंत तालमीत पाठवू नकोस. तो रुसेल, रुसू दे.

कापणी उरकू दे म्हणशील. थांबू नकोस. रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी पाठव.

तुझी,
आक्का