शनिवारी कागद घेऊन येते आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की बाबा, तुमचा आवाज चढतो आणि मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे. रागावू नका, पण दादाचं आणि माझं ठरलंय. सल्लागाराची फीसुद्धा भरून टाकली. शनिवारी हॅरोला येते, कागद घेऊन.

"आमच्या डोळ्यांदेखत वाटण्या?" हे तुमचं परवाचं वाक्य लागलं मला. वाटणी नाहीये ही, तुमच्यामागे आम्हाला पडणाऱ्या वारसा कराची तजवीज आहे. घर तुमच्याच नावावर राहणार. ते आमच्या नावावर करून तुम्ही त्यातच राहायचं, हा शेजारच्या काकांचा सल्ला मीच उडवून लावला. बाजारभावाने भाडं दिलं नाहीत तर टॅक्सवाले घर तुमचंच धरतात. आणि आईकडे मी भाडं मागू?

वारसा करात दोघांची मिळून सूट १० लाख पौंड, तीही घर मुलांना जातंय म्हणून. माणशी ३,२५,००० चा मूळ आकडा २००९ पासून हललेला नाही. घरांचे भाव कुठल्या कुठे गेले. घर, ठेवी, पुण्याचा फ्लॅट (तोही धरावा लागेल म्हणाले) करून आपण काठावर होतोच. त्यात एप्रिल २०२७ पासून, "पोरांना राहू दे" म्हणून हात न लावलेलं तुमचं पेन्शनही मोजणार. वरच्या रकमेवर ४० टक्के!

म्हणून लोन ट्रस्ट. शाळेच्या सहलीला तुम्ही मला पाच पौंड उसने दिले होतेत, आठवतं? लाल डायरीत लिहून. दर रविवारी मी ५० पेन्स आणून द्यायची, तुम्ही टिक करायचात, आणि शेवटच्या रविवारी सगळी नाणी माझ्या कंपासपेटीत. तसंच, आमच्यासाठी काढलेल्या ट्रस्टला दोन लाख उसने द्यायचे, ट्रस्ट ते गुंतवणार. मागाल तेव्हा परत. वर्षाला ५ टक्के, म्हणजे १०,००० पौंड, २० वर्षं काढता येतात, त्या वेळी आयकर न भरता. वाढ झाली तर ती आमची. तिच्यावर तुमचा हक्क नाही आणि वारसा करात ती येत नाही. बाजार पडला तर फटका बसेल, हेही ऐकून ठेवा. कर आज एका पेनीनेही कमी होत नाही. परत घेतलेले पैसे खर्च केलेत तरच होतो. पैसे सरळ आम्हाला देऊन टाकून तुम्ही पुढे सात वर्षं हयात राहिला असतात तर कर जास्त वाचला असता, पण आईच्या गुडघ्यासाठी लागले तर ते मागता आले नसते. नको मला तसली बचत.

तेव्हा खर्च करा! हीटिंग १६ वर ठेवून घरात माकडटोपी घालून बसणं बंद. आई, "मला कुठे थंडी वाजते" म्हणू नकोस. पोळ्या लाटताना तुझी बोटं बघितलीत मी. पुण्याला जाताना मुंबईपर्यंत थेट विमान, आणि व्हीलचेअर घ्यायचीच.

बाबा, मृत्युपत्रात एक वाक्य घालायचंय. उसन्या रकमेचा हक्क तुमच्यापैकी एकाच्या मागे दुसऱ्याकडे जावा, एवढंच. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीही आत्ताच करू, तुम्ही ठणठणीत आहात तोवर. तुमच्या सहीशिवाय काही होणार नाही. पटलं नाही तर कागद परत नेईन. फी गेली तर गेली.

चष्मा आणि पासपोर्ट काढून ठेवा. बीपीची गोळी वेळेवर. आई, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, मी आणते काहीतरी.

थालीपीठ चालेल.

तुमची,
छकुली