तोंड बघून वाढायचं नाही

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

प्रभूमध्ये सलाम.

चार महिने तुला पत्र नाही, फोनवरही 'नंतर बोलू' एवढंच. रागावला असशील तर ते बरोबरच आहे. इकडे बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा तसाच, बाकी ठीक.

आज लिहायला बसलो कारण आमच्या चर्चच्या मंडळीच्या शिक्षण मदत समितीवर मला घेतलंय. निधी 60,000 रुपये, अर्ज 19, आणि त्यातला एक ताईच्या थोरल्याचा. डिप्लोमाला नंबर लागलाय त्याचा. त्यांच्या घरचं तुला काय सांगायचं. भावकीतले म्हणतात, मामा समितीवर असून उपयोग काय? आणि पंचांतले दोघं म्हणतात, पोराला अर्ज मागे घ्यायला लाव, तुझं नाव स्वच्छ राहील.

सुहास, हा दुसरा सल्ला मला पहिल्यापेक्षा जास्त छळतोय. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण शब्बाथ शाळेत घोकलाय. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यातल्याला पायापाशी बसवायचं, ह्याला तो सरळ पाप म्हणतो. तिथे पक्षपातासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याच्या मुळात 'तोंड' आहे. आपण म्हणतो ना, तोंड बघून वाढलं, तसंच. पण लेवीय 19:15 मध्ये दोन्ही बाजू बांधल्यात : गरिबाची भीड धरू नको आणि थोराचंही तोंड बघू नको. मग भाच्याचा हक्काचा अर्ज मी केवळ माझं नाव राखायला मागे घ्यायला लावला, तर मी कुणाचं तोंड बघितलं? माझंच की.

तुला प्रीतिभोजनाचं भांडण आठवतंय? वाढप्याने स्वतःच्या घरच्या पंगतीत वाढायचं नाही, असा तू हट्ट धरलास आणि मी म्हटलं, माणसावर एवढा अविश्वास बरा नव्हे. दोन महिने बोलत नव्हतो आपण. तुझं बरोबर होतं. ओळखीचं ताट आलं की ओगराळं आपोआप बुडाला जातं आणि मटणाची नळी वर येते. अनोळखी ताटाला वरवरचा रस्सा. वाढणाऱ्याच्या मनात खोट नसते, हात शिकलेला असतो. म्हणून फोडी एकाने मोजून घालायच्या आणि रस्सा दुसऱ्याने. (ती नळी तुला मिळाली नाही म्हणून तू भांडलास, असं शशी अजून म्हणतो.)

तेच मी आता अर्जांना लावलंय. निकष अर्ज उघडायच्या आधी लिहून काढले : घरात माणशी उत्पन्न किती, बाकी फी किती, दुसरी शिष्यवृत्ती आहे का, शिकणारी भावंडं किती. मार्क फक्त दोघं सारखे आले तर बघायचे. आधी अर्ज बघितले की निकष त्या अर्जाच्या मापाने शिवले जातात. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 चा 50 टक्के जागांचा हुकूम करवीर गॅझेटात छापला, कुणाच्या चांगुलपणावर सोडला नाही. आपल्या गावात तरी हे वेगळं सांगायला लागू नये.

नावं झाकून नंबर टाकले तरी तेवढ्यानं भागत नाही. शिफारसपत्रावरून, गावावरून, अगदी अक्षरावरूनही पोरगं ओळखू येतं. म्हणून शिफारसपत्रं बंद, आणि समितीबाहेरच्या एका बाईंनी सगळे आकडे एका तक्त्यावर उतरवून दिले. प्रत्येक सभासदाने आपलं नातं आधीच लिहून द्यायचं, त्यात रक्ताचं, सोयरीक, उसनवार, मालक-नोकर सगळं आलं. तो नंबर आला की नुसतं गप्प बसायचं नाही, खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. गप्प बसलेला मामाही बोलतच असतो.

पण तिथेच मी अडकलो. रक्कम ठरलेली आहे. भाच्याच्या नंबराला मी बाहेर गेलो, पण बाकीच्या अठरांना एकेक गुण कमी दिला, तरी तो वर चढतोच. म्हणून ह्या वर्षी मी कुणालाच गुण देणार नाही, असं लेखी कळवलं. चेक कॉलेजच्या नावानेच जाणार. पंचाच्या हातून पैसे दिले की ते मदत राहत नाहीत, उपकार होतात. ज्यांना मिळणार नाही त्यांनाही कारण लिहून द्यायचं.

हे सगळं अविश्वासाचं आहे, असं एक वडील म्हणाले. मी त्यांना 2 करिंथ 8 वाचून दाखवलं. वर्गणीचे पैसे पाठवताना पौल एकट्याच्या हाती देत नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस देतो, कुणी दोष लावू नये म्हणून. आणि प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, ओगराळं त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं! मला हे फार मोठं वाटतं रे.

आता खरी अडचण. तू पतसंस्थेत वर्षानुवर्षं कर्जाचे अर्ज बघितलेस, म्हणून तुलाच विचारतोय. दुकानवाले, रिक्षावाले तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडतात आणि तो कमीच असतो. दाजींची मात्र पगाराची स्लिप, वरचा आकडा मोठा. सोसायटीच्या कर्जाची कपात जाऊन हातात काय येतं, हे विचारणारा रकानाच आमच्या फॉर्मात नाही. हे माझ्या लक्षात आलं ते भाच्यामुळे. तो रकाना आता घालायला लावला, तर अर्ज आल्यावर निकष बदलल्यासारखं होतं, तेही माझ्या घरच्यासाठी. नाही घातला, तर पगारदारांच्या सगळ्याच पोरांवर अन्याय. अशी अजून तीन पोरं आहेत.

माझं मत असं झालंय, की ह्या वर्षी आहे त्याच फॉर्मावर होऊ दे, रकाना पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी. पण त्यात भाचा बहुतेक राहणार. फीचं मी माझ्या खिशातून बघेन, तो प्रश्न नाही. ताईला काय सांगू? चूक दिसत असून मी गप्प बसलो, असंच ती म्हणेल, आणि त्यात काही खोटं नाही.

मिनूचा बारावीचा निकाल कळला, तिला शाब्बास सांग. सोलापूरची बदली टळली का? वहिनींना सलाम.

शनिवारी गुणांची बैठक आहे. त्याआधी फोन कर, रात्री दहानंतर. तोवर आई झोपलेली असते. ताई उद्या डबा घेऊन येणार आहे, तेव्हा मी काही बोलणार नाही.

तुझा,
विजय