फेरमोजणी मागितली तरच का?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा सात रस्त्याला चहा पिताना एकजण म्हणाला, मुंबई उत्तर पश्चिमला २०२४ च्या लोकसभेला अमोल कीर्तिकर ४८ मतांनी पडले, एवढं होतं तर तिथंच परत मोजून घ्यायचं होतं की! बोलायला सोपं आहे हो. मी दोन निवडणुकांना रामवाडी गोदामात मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडं बसलोय (कुणाकडून ते सोडा). मोबाईल बाहेर जमा, हातात पेन आणि १७ सी ची (बूथवर किती मतं पडली त्या हिशोबाच्या फॉर्मची) कॉपी, मशीनवर दाखवतील तो आकडा लिहीत जायचं, आणि दुपारी तीनपर्यंत डोकं असं बधिर होतं की तीन का आठ तेच कळत नाही.

आणि फेरमोजणीचा नियम सगळा आमच्यासारख्यांच्या भरवशावर. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमातला ६३ वा. बेरीज जाहीर झाली की अधिकारी एक-दोन मिनिटं थांबतात, तेवढ्यात अर्ज करायचाय म्हणून सांगायचं, तो लेखी आणि कारणासकट द्यायचा, मान्य करायचा का नाही ते परत तेच साहेब ठरवणार, म्हणजे ज्यांच्या मोजणीवर शंका त्यांनाच विचारायचं. एकदा निकालाच्या तक्त्यावर सही झाली की विषय संपला, मग ४५ दिवसात हायकोर्ट गाठा. ज्याचा वकील शेजारी बसलाय त्याला जमतं, अपक्षाचा पोरगा बसलाय तो कागद शोधेपर्यंत बाहेर गुलाल उडालेला असतो.

मी ईव्हीएमवाला वाद घालत नाही. मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायच्या हट्टावरनं आपल्या माळशिरसचं मारकडवाडी गाव गाजलं, पण तिथला निकाल १३ हजाराच्या फरकाचा होता, तो वेगळा विषय. मशीनचं बटण परत दाबलं तर तोच आकडा येणार हे मलाही कळतं, पण तो आकडा कागदावर उतरवतो माणूसच ना. हरियाणात पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू गावच्या सरपंचाची केस बघा. नोव्हेंबर २०२२ ला मतदान, ६९ नंबरच्या बूथवर दोघांचे आकडे चुकून अदलाबदल झाले आणि हरलेला निवडून आला. शेवटी सुप्रीम कोर्टानं मशीनच दिल्लीला मागवून मोजल्या, १०५१ विरुद्ध १००० निघाले, आणि ऑगस्ट २०२५ ला खरा सरपंच खुर्चीत बसला. पाच वर्षातली पावणेतीन वर्षं गेली की!

गंमत अशी की आपोआप तपासायचा नियम आयोगाकडं आधीच आहे, फक्त पोस्टल मतांसाठी. जिंकायचा फरक बाद झालेल्या पोस्टल मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं परत बघावीच लागतात, कुणी मागो न मागो. मग व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर मशीनशेजारच्या पेटीत पडतात त्या चिठ्ठ्यांना हेच का नाही? मशीन आणि चिठ्ठीत फरक आला तर चिठ्ठीच खरी असं नियमातच आहे, आणि मोजतात किती तर विधानसभेच्या एका मतदारसंघात पाच बूथच्या. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यला फरक १६२ मतांचा, साकोलीला २०८ चा, अशा ठिकाणी पाच बूथनी काय होणार?

माझं म्हणणं एवढंच, पाव टक्क्याच्या आत फरक असला की सगळ्या चिठ्ठ्या सही व्हायच्या आधीच मोजायच्या. दोन लाख मतदान झालं तर पाव टक्का म्हणजे पाचशे मतं, इतके अटीतटीचे निकाल थोडेच असतात, म्हणजे पडलेला प्रत्येकजण अर्ज घेऊन उठेल ही भीती पण नको. लागू दे रात्रीचे दोन. मार्केट यार्डात कांद्याच्या पिशवीचं वजन पटलं नाही तर शेतकरी परत काट्यावर ठेवायला लावतो, तेव्हा अडत्या त्याला कारण लेखी दे म्हणत नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर