गाळाला जागा नको, सेलला जागा द्या: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

नायट्रो संयुगाचे अमाइन (जसे नायट्रोबेंझीनचे ॲनिलिन) करायला लोखंडाचा भुगा आणि आम्ल वापरण्याची रीत 1854 ची आहे. 1 किलो ॲनिलिनमागे 1.35 किलो लोखंड लागते आणि सुमारे 1.86 किलो काळा ऑक्साइड उरतो, तोही कोरडा धरून. गाडीत चढतो तो ओला गाळ, म्हणजे भाडे पाण्याचेही भरायचे.

हेच काम वीज करते. आमची मागणी एकच: तळोजा किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत 1000 अँपिअरचा सामाईक प्रायोगिक सेल, म्हणजे विजेने रासायनिक बदल घडवणारी टाकी, उभारा. पैसे अडकवण्याआधी छोट्या कारखानदाराला आपला माल त्यात चालवून बघता येईल.

सुरुवात पॅरा-अमिनोफिनॉलने करावी. पॅरासिटामॉलचा हा कच्चा माल केंद्राच्या 2020 च्या पीएलआय (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन) योजनेच्या यादीत आहे. नायट्रोबेंझीन साधारण 20 टक्के गंधकाम्लात, 80 ते 90 अंशांवर, टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या टायटॅनियम कॅथोडवर (ऋण ध्रुवावर) क्षपित करायचे, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन द्यायचे. थरातले तीन-संयुजी टायटॅनियम नायट्रोला इलेक्ट्रॉन देते आणि कॅथोडकडून ते परत मिळवते. तापमान किंवा आम्ल कमी पडले की मधल्या टप्प्यातले फिनाइल हायड्रॉक्सिलअमाइन रचना बदलून पॅरा-अमिनोफिनॉल होण्याऐवजी थेट ॲनिलिन होते. ॲनोड (धन ध्रुव) वेगळा ठेवणारे मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, हवेच. ते फाटले तर तयार माल ॲनोडकडे जाऊन त्याचे क्विनोन होते, म्हणजे तो वाया जातो.

4 व्होल्ट आणि 75 टक्के कार्यक्षमता धरली तर किलोमागे 5.2 युनिट, दिवसाला 18 किलो माल. रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) आणि ढवळणीची वीज वेगळी.

खरी मेख ढवळणीत आहे. नायट्रोबेंझीन पाण्यात जेमतेम 2 ग्रॅम प्रति लिटर विरघळते. ढवळणी थांबली की ते तळाशी बसते आणि कॅथोडवर नुसता हायड्रोजन सुटतो. म्हणून वीज जाऊन परतल्यावर आधी हायड्रोजन बाहेर काढणारा एक्झॉस्ट, मग ढवळणी, शेवटी करंट. हा क्रम इंटरलॉकने (आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची चालू न देणाऱ्या यंत्रणेने) बांधलेला हवा, ऑपरेटरच्या आठवणीवर सोडायचा नाही. पाण्यातले तांबेही कॅथोडवर चढून हायड्रोजनच वाढवते, तेव्हा डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारे संयंत्र) वगळून पैसे वाचवू नयेत. वीज बराच वेळ गेली तर गरम आम्ल सेलमधून काढावे लागते. थराला जिथे भेग असते तिथे ते उघड्या टायटॅनियमला खाते.

निविदा काढताना सर्वांत स्वस्त सेल मागू नका. ढवळणी, एक्झॉस्ट आणि आम्ल उपसणारा पंप जनरेटरवर चालवण्याची अट पहिल्या पानावर घाला.

आपले,
मुंबई परिसरातील काही विद्युतरसायन अभियंते