‘अजून चालेल’ म्हणणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

गिरगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमची पंखे-मिक्सर दुरुस्तीची टपरी आहे, म्हणून आमच्या माळ्यांवर अजून थोडी जागा शिल्लक आहे. हे पत्र त्याच्या आभाराचं.

पाडवा आणि दिवाळी जवळ आली की ‘जुना द्या, नवा न्या’ सुरू होतं आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहिलं जातं. मिक्सर ओरडतोय, पंखा मंदावलाय, आता बदलूनच टाकू. अशा वेळी तुम्ही उपदेश करत नाही. पेचकस काढता, वस्तू उघडता आणि नक्की काय गेलंय ते दाखवता. बहुतेक वेळा गेलेला असतो तो बोटाएवढा एखादा भाग.

पंख्याचंच घ्या. तो हळू फिरतो, सुरू करताना पात्याला काठीने ढकलावं लागतं, तेव्हा मोटर सहसा शाबूत असते आणि मोटरला जोर देणारा छोटा भाग, कंडेन्सर, उतरलेला असतो. घरगुती पंख्यात तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. तुमची ताकीद सगळ्या चाळीला पाठ आहे: जुन्याच्या अंगावर छापलेला आकडाच घ्यायचा. जास्त वाऱ्याच्या हौसेने मोठा बसवला तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं आणि किरकोळ खर्चाचं काम महागात जातं. शिवाय मेन बंद केल्यावरही कंडेन्सरच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही, आत चार्ज उरलेला असू शकतो. पंखा डुलत असेल तर आधी पात्यांवरची धूळ पुसायची, मग प्रत्येक पात्याच्या टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजायचं. एखादं पातं खाली आलेलं असलं की खोट तिथेच असते.

मिक्सरबाबत तर तुमचे उपकार जास्तच. ठिणग्या दिसल्या, जळका वास आला की लोक ‘मोटर गेली’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही आधी कार्बन बघता. स्प्रिंगने कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, दाबून धरलेले हे दोन तुकडे घासून झिजतात. ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि ठिणग्या उडतात. बदलायचे ते जोडीने, एकच बदलला तर दाब दोन्हीकडे सारखा राहत नाही. नवे बसवल्यावर भांडं न लावता मिक्सर थोडा वेळ रिकामा फिरवायचा, म्हणजे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला बसतो. लगेच डाळ वाटायला घेतली तर ठिणग्या परत.

मोटर आणि भांड्याचं पातं जोडणारा कपलर तुटला की कंपनीला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे. पण तो मऊ ठेवलेला असतो तो यासाठीच. पातं अडकलं तर कपलर जावा, मोटर वाचावी. तो काढताना मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवायचा. उलट जोर लावला तर आणखी घट्ट बसतो, आणि हौशी हातांनी आटे खराब होतात ते इथेच.

भांड्याखालून पाणी झिरपणं हे मात्र दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश आणि पाणी अडवणारं सील झिजले की चटणीचं पाणी थेट मोटरमध्ये उतरतं. भांडं रिकामं असताना पात्याचा दांडा हलवून बघायचा. खडखडला तर बुश बदलायचा. जास्त भार आला की मोटर बंद करणारं मिक्सरचं लाल बटण उडालं तर पाच-दहा मिनिटं थांबायचं, भांड्यातलं थोडं काढायचं, मग दाबायचं. पुन्हापुन्हा उडत असेल तर दोष बहुधा बटणाचा नसून घट्ट वाटणाचा असतो. इडलीचं पीठ थोडं थोडं वाटा, हे तुम्ही किती जणींना सांगितलंय याचा हिशेब नाही.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की घरात हलकल्लोळ होतो. तुम्ही शांतपणे म्हणता, ‘त्याने त्याचं काम केलं.’ पाणी आटलं किंवा शिट्टीची नळी शितांनी तुंबली की आतला मऊ धातू वितळून वाफ बाहेर सोडतो. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच आकाराचा लावायचा, जुगाड नाही. नळी रोज पिनने साफ करायची.

आणि तुम्ही नको तिथे ‘नको’ म्हणता, त्याचे आभार वेगळे. वाइंडिंग जळालेला जुना पंखा घेऊन आलेल्याला तुम्ही हिशेब मांडून दाखवता: साधा पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. ‘याच्यात पैसे घालू नका’ असं म्हणून स्वतःची मजुरी सोडणारा माणूस या शहरात सहसा भेटत नाही. मात्र एक पंखा जळाला म्हणून घरातले चारही बदलायला निघालेल्याला तुम्हीच थांबवता. जुन्या तीनला काय झालंय, हा तुमचा प्रश्न.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. तुमच्याकडे त्याआधीपासून विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, आणलेल्या सुट्या भागांचे डबे आहेत, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: बुश, कार्बन, कपलर.

एक विनंती. पावसाळ्यात टपरीवरचा कागद गळतो आणि डब्यांना पाणी लागतं. गल्लीने वर्गणी काढून पत्रा घालायचं ठरवलंय, नाही म्हणू नका. या पत्रासोबत दोन मिक्सर पाठवतोय. एकात ठिणग्या दिसतायत, दुसऱ्याचं भांडं गळतंय. घाई नाही, पाट्यावर काम चाललंय.

आपले,
गल्लीतले सगळे बिऱ्हाडकरू